गादीवालीचे ढेकूण

शाळेच्या शिपायानं डोक्यावरून आणलेली गादी गादीवालीच्या ओट्यावर धपकन टाकली आणि तो मान चोळत उभा राहिला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची गादी होती. मधोमध माणूस निजल्यासारखा खड्डा पडलेला, आणि कोपऱ्यावर शहरातल्या कुठल्याशा दुकानाचा शिक्का.

"मोठ्या बाईंच्या मुलाची आहे," शिपाई म्हणाला. "तो खोली सोडून परत आलाय ना. बाई म्हणाल्या, कापूस पिंजून द्या, पण खोळ टाकू नका. चांगली आहे."

मोठ्या बाई म्हणजे गावाबाहेरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेला लागून मुलांचं वसतिगृह होतं, आणि दर सुट्टीत तिथल्या चाळीस गाद्या उसवून, पिंजून, पुन्हा भरायला गादीवालीकडे यायच्या. त्या चाळीस गाद्यांवर घराचा निम्मा गाडा चालायचा. त्यामुळे बाईंच्या घरचं काम आलं की बाकीची कामं बाजूला पडायची.

घरात माणसं तीन. गादीवाली, तिचा नवरा आणि नवऱ्याची थोरली बहीण. नवऱ्यानं तीस वर्षं पिंजायचं यंत्र चालवलं होतं. तितक्या वर्षांचा कापूस त्याच्या छातीत जाऊन बसला होता. आता दहा पावलं चालला की तो भिंतीला हात लावायचा. म्हणून यंत्रावर ती स्वतः उभी राहायची, नाकाला फडकं बांधून. नवरा कोपऱ्यात बसून दाभणानं गाद्यांना गाठी मारायचा. वन्सं मशीनवर खोळी शिवायच्या. त्या तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आल्या त्या इथल्याच झाल्या. हात मशीनवर आणि तोंड रस्त्यावर, अशी त्यांची बसायची तऱ्हा. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दोन शब्द ऐकवल्याशिवाय त्या पुढं जाऊ द्यायच्या नाहीत.

गादी उसवताना वन्संनीच ते पाहिलं. शिवणीच्या आतून बारीक काळे ठिपके पडले होते, ओळीनं, टाक्याटाक्याला.

"शाई सांडलीय पोरानं," वन्सं म्हणाल्या. "झोपून अभ्यास केला असेल. म्हणून तर परत आला."

गादीवालीही हसली. खोळ झटकून तिनं धुवायच्या ढिगावर टाकली. चार दिवस पाणी आलं नाही, म्हणून ती तोवर तिथंच पडून राहिली, गिरणीवालीणबाईंच्या नव्या रजईला टेकून. नंतर धुतली, भरली, शिवली. शिपाई येऊन गादी घेऊन गेला.

महिना उलटत आला तसा नवरा रात्रीचा पाठ खाजवायला लागला. तिला वाटलं, घामोळं आलं असेल. सकाळी सदरा वर करून पाहिलं तर कमरेपासून खांद्यापर्यंत लाल गांधी, एका रेषेत, कुणी मोजून टाके घातल्यासारख्या. तिच्या स्वतःच्या मनगटावर तशाच तीन होत्या. वन्संनी नुसत्या दोन्ही बाह्या वर केल्या.

मग तिघांनी मिळून पलंग उलटा केला. पायाच्या खाचेत गादीवालीनं दाभणाचं टोक घातलं आणि फिरवून बाहेर काढलं. टोकाला चपटा, तांबूस, मसुराच्या डाळीएवढा जीव वळवळत होता. वन्संनी तो नखावर घेऊन चिरडला. रक्त निघालं.

"भावाचं असेल," त्या म्हणाल्या. मग पुन्हा खाचेत वाकून बघायला लागल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत.

ढेकूण गरिबाच्या घरात असतात, त्यात नवल नाही. पण गादीवालीच्या घरात ढेकूण म्हणजे धंद्याच्या गळ्यालाच नख. ही गोष्ट चार भिंतींत ठेवायची, असं तिघांनी ठरवलं. रोज पलंगाच्या खाचांत उकळतं पाणी ओतायचं, रॉकेलचा बोळा फिरवायचा, आणि बाहेर कुणी विचारलं तर म्हणायचं, साफसफाई काढलीय. हे चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सकाळी गिरणीवालीणबाई आली. गावात पिठाची गिरणी एकच, त्यामुळे तिच्या तोंडातून निघालेली गोष्ट प्रत्येक घरात पिठाबरोबर पोचायची. ती ओट्यावर चढली नाही. रस्त्यावरूनच तिनं रजई फेकली. रजई गादीवालीच्या पायाशी येऊन पडली.

"माझ्या नातीचं अंग बघ येऊन," गिरणीवालीण म्हणाली. "सहा महिन्यांचं पोर. सोलून काढलंय नुसतं."

"अहो बाई, आत तरी या."

"आत? तुझ्या?"

एवढंच बोलून ती गेली. आवाज चढवला नाही, शिव्या दिल्या नाहीत. वन्संना त्याचाच राग आला. "भांडली असती तर मी दोन दिले असते," त्या म्हणाल्या. "ही तर नुसतं नाक मुरडून गेली. आता तोंड कुणाशी वाजवू?"

दुपारपर्यंत आणखी दोन घरांतून उशा परत आल्या. कुणी काठीच्या टोकावर धरून आणली, कुणी गोणीत बांधून. पुढच्या दोन दिवसांत नवं काम सोडाच, शिवून तयार असलेलं न्यायलाही कुणी आलं नाही. शिंपी आपली दोऱ्याची रिळं मागायला आला तर दारात उभा राहून म्हणाला, "राहू दे, राहू दे, नंतर नेईन," आणि हात पाठीमागे बांधूनच परत फिरला. तिसऱ्या दिवशी शिपायानं निरोप आणला की मोठ्या बाईंनी बोलावलंय.

शाळेच्या ऑफिसात ती शिरायला गेली तशा बाई फाईलमधून वर न बघताच म्हणाल्या, "तिथंच थांब."

ती उंबऱ्यात थांबली. पंख्याचा वारा तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

"काय ऐकते आहे मी?"

"बाई, झालेत थोडे. आम्ही रोज मारतोय."

"थोडे नसतात ते. माझ्याकडे चाळीस मुलं झोपतात. उद्या कुणाच्या आईबापांचं पत्र आलं तर मी काय सांगू?" बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या आवाज न वाढवता बोलायच्या. फळ्यावरचं गणित समजावून सांगावं तशा. "तालुक्याच्या गावी एक तज्ज्ञ आहे. रीतसर औषध मारतो, नंतर सर्टिफिकेट देतो. त्याला बोलव. सर्टिफिकेट माझ्या टेबलावर आलं की गाद्यांचं बघू."

गादीवालीनं पायाच्या अंगठ्यानं उंबरा कोरला. घरून निघताना तिनं मनाशी बोलायचं ठरवून आणलं होतं.

"बाई, ती गादी होती ना दादांची. पट्ट्यापट्ट्यांची. तिच्या शिवणीत काळं काळं..."

"काय म्हणायचंय तुला?"

खोलीत दोन शिक्षक वह्या तपासत बसले होते. दोघांचीही पेनं थांबली.

"काही नाही," ती म्हणाली. "त्याचा नंबर असेल तर द्या."

ढेकूणवाल्याला आगाऊ पैसे लागायचे. ते देण्यासाठी नवऱ्याची सायकल गेली. सायकलवर बसण्याची ताकद त्याच्यात दोन वर्षांपूर्वीच उरली नव्हती, पण तो रोज संध्याकाळी तिला फडकं मारायचा. विकत घेणारा ती ढकलत घेऊन निघाला तेव्हा नवरा म्हणाला, "मागचं चाक जरा उजवीकडे ओढतं, सांगून ठेवतो," आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

फोनवर ढेकूणवाल्यानं तयारी सांगितली होती. घरातलं सगळं सामान मोकळं करा. कपडे, चादरी, पडदे उकळा. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा काढा. मशीन, यंत्र, पलंग भिंतीपासून हातभर पुढं घ्या. दोघी नणंद-भावजया दोन दिवस त्यातच होत्या. अंगणात चूल मांडून पिंपभर पाणी उकळायचं, काठीनं कपडे घुसळायचे, पिळायचे, वाळत टाकायचे. गादीवालीच्या हातांची सालटी निघाली. वन्संच्या पाठीत उसण भरली, तेव्हा त्या बसून पिळायला लागल्या. जाणारी-येणारी माणसं कुंपणापाशी थबकायची आणि लांबूनच विचारायची, "काय, लग्नबिग्न आहे काय घरात?"

"आहे ना," वन्सं वाफेतून म्हणायच्या. "तुलाच दाखवायला मुलगी काढलीय उकळून."

गादीवालीनं मनाशी एकच धरलं होतं. तज्ज्ञ येईल, गुपचूप काम करील, जाईल. ती फोनवर त्याला दोनदा म्हणाली होती, गाडी जरा लांब लावा. तो हो म्हणाला होता. पण त्याचा पंप जड, नळी आखूड. सकाळी दहाला, सगळं गाव रस्त्यावर असताना, त्याची गाडी थेट ओट्याला येऊन लागली. पांढऱ्या गाडीच्या अंगावर माणसाएवढा लालबुंद ढेकूण रंगवलेला, त्यावर फुली, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: ढेकूण, झुरळ, उंदीर, वाळवी, कायमचा बंदोबस्त.

पोरंटोरं गोळा झाली. मागून बाया आल्या. पंक्चरवाला दुकान उघडं टाकून आला. गिरणीवालीण हाताला पीठ तसंच घेऊन समोरच्या वळचणीला उभी राहिली.

ढेकूणवाला पन्नाशीचा, वाळका, घोगऱ्या आवाजाचा माणूस होता. त्याच्या कपड्यांना औषधाचा कडवट वास होता. तो कुणाकडे बघत नव्हता. गादीवालीनं स्टूल पुढं केलं तर म्हणाला, "मी कुणाच्याच घरात बसत नाही. मनाला लावून घेऊ नका. माझीपण घरी बायको आहे."

बॅटरी तोंडात धरून, हातात एक जुनं प्लास्टिकचं कार्ड घेऊन तो घर बघत फिरला. कार्ड फटीत घालायचा, ओढायचा, उजेडात बघायचा. पलंग, मशीनचा लाकडी पाट, देवळीची चौकट, पिंजायच्या यंत्राचा सांधा. जिथं गादीवालीनं वीस वर्षं हात फिरवला होता तिथून त्यानं नुसत्या कार्डानं अंडी काढून दाखवली, तांदळाच्या कणीसारखी. ती बघत राहिली. आपलं घर आपल्यालाच परक्या कुणी दाखवावं, तसं तिला झालं.

मग तो कापसाच्या कोठीपाशी आला. खोलीभर कापूस होता, वसतिगृहाच्या गाद्यांसाठी हंगामात घेऊन ठेवलेला.

"ह्याचं काय करायचं?" तिनं विचारलं.

"मोकळ्या कापसात औषध बसत नाही."

"उन्हात घालते. रोज घालते."

"घाला. पण मग सर्टिफिकेट मी देणार नाही. एक मादी राहिली तरी दोन महिन्यांनी पुन्हा हेच."

वन्सं पुढं झाल्या. "अहो, तुमची माणुसकी आहे की नाही? कापूस आहे तो आमचा. तो गेला तर सर्टिफिकेट काय चावून खायचंय?"

ढेकूणवाल्यानं बॅटरी बंद केली. "बाई, मी खोटं लिहीत नाही. एवढंच एक आहे माझ्याजवळ."

गादीवालीनं नवऱ्याकडे बघितलं. तो ओट्याच्या कडेला बसला होता. त्यानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. तिनं ते हो धरलं.

कापूस अंगणात जाळला. कापूस जळताना आवाज करत नाही. आधी काळा पडतो, मग आतून लाल होत जातो, आणि वाऱ्यानं त्याचे पेटते पुंजके उडतात. ते विझवायला ती काठी घेऊन धावत होती आणि कुंपणापलीकडची माणसं मागे सरत होती. कुणीतरी म्हणालं, "ढेकूण उडत येतील हो इकडे," आणि बायका हसल्या. नवऱ्याला धुरानं खोकल्याची उबळ आली. त्याला धरून शेजारच्या भिंतीच्या सावलीत न्यावं म्हणून वन्सं निघाल्या, तर शेजारीण दारात आडवी उभी राहिली. "नको हो इथं," ती म्हणाली. "लेकरं आहेत." मग वन्संनी भावाला रस्त्यापलीकडच्या दगडावर उन्हातच बसवलं आणि त्याच्या डोक्यावर स्वतःच्या हाताची सावली धरून त्या उभ्या राहिल्या.

औषध मारून झाल्यावर ढेकूणवाला नळी गुंडाळत होता. गादीवाली त्याच्यापाशी गेली. तिच्या भुवयांवर राख बसली होती.

"एक विचारू? हे येतात कुठून?"

"माणसाबरोबर येतात. सामानाबरोबर. जुन्या गाद्यांबरोबर तर हमखास. शहरातल्या भाड्याच्या खोल्यांत सुळसुळाट आहे. शिवणीत काळे ठिपके दिसतात, शाईचे थेंब पडल्यासारखे."

ती म्हणाली, "आम्हाला शाईच वाटली."

"कुणाची गादी होती?"

तिनं सांगितलं. त्यानं नळीचं टोक गाडीत टाकलं आणि दार लावून घेतलं. "मग त्यांच्या घरातही असणार," तो म्हणाला. "आज ना उद्या मला फोन येईल."

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. उरलीसुरली अंडी फुटतात, म्हणून दुसरा हात मारावाच लागतो. पुन्हा तीच गाडी, तेच उकळणं, तीच माणसं, फक्त आता त्यांना मजा कमी वाटत होती. कार्ड सगळ्या फटींतून कोरं बाहेर आलं. त्यानं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सर्टिफिकेट लिहिलं, शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला. गादीवालीनं तो कागद ओल्या हातानं धरला नाही. वन्संना धरायला सांगितला.

त्याच दुपारी ती शाळेत गेली. धुतलेले कपडे, केस चापून बसवलेले, कागद प्लास्टिकच्या पिशवीत. वसतिगृहाच्या व्हरांड्यापाशी टेम्पो उभा होता. दोन हमाल त्यातून फोमच्या गाद्या उतरवत होते. प्लास्टिकात गुंडाळलेल्या, विटेसारख्या चौकोनी, एकावर एक. ती उभी राहून बघत होती. हलक्या होत्या. एक हमाल एका वेळी चार उचलत होता.

बाईंनी सर्टिफिकेट पूर्ण वाचलं. मागची बाजूसुद्धा बघितली.

"छान केलंस," त्या म्हणाल्या. "असंच राहायला हवं."

"बाई, बाहेर गाद्या..."

"संस्थेचा निर्णय आहे. मुलांच्या आरोग्याचा प्रश्न आला की माझ्या हातात काही राहत नाही." त्यांनी कागद परत तिच्या पुढं सरकवला. "हा जपून ठेव. तुझ्याच कामाला येईल."

घरी येऊन तिनं झालं ते सांगितलं. वन्संनी पायात घालायला चप्पल शोधली. "मी जाते," त्या म्हणाल्या. "शाळेच्या पटांगणात उभी राहून सांगते, कुणाच्या गादीतून आले ते. सगळ्या पोरांसमोर सांगते."

"कोण ऐकणारंय वन्सं? तुमचं की त्यांचं?"

"नाही ऐकलं तर नाही. पण माझं सांगून तरी होऊ दे."

नवरा म्हणाला, "बस गं ताई." त्या बसल्या. पण त्या दिवसापासून रस्त्यावरच्या माणसांशी त्यांनी बोलणं टाकलं. रिकाम्या मशीनसमोर बसायच्या, पायानं पट्टा उगाच फिरवायच्या, आणि कुणी ओळखीचं दिसलं की खाली बघायच्या.

कागद गादीवालीनं ओट्यावरच्या खांबाला चिकटवला. लोक लांबून वाचायचे. गावाला नव्यानं एवढंच कळलं की ह्या घरात ढेकूण होते, हे आता शिक्क्यानिशी लिहून मिळालंय.

ती कामाला बाहेर पडली. कधी वीटभट्टीवर, कधी कांदे काढायला. जिथं चार बाया एका रांगेत बसायच्या तिथं तिच्या डाव्या-उजव्या हाताला एकेक माणसाची जागा मोकळी राहायची. मुकादम ओरडायचा, "जवळ जवळ बसा," आणि बाया ऐकू न आल्यासारखं करायच्या.

असा महिना गेला असेल. एके दिवशी भर दुपारी शिपाई आला. मोठ्या बाईंनी घरी बोलावलंय, मागच्या दारानं ये म्हणाल्यात. कशाला, ते त्याला ठाऊक नव्हतं.

बाईंचा बंगला शाळेच्या मागे होता. त्याच्या पाठीमागे, लाकडाच्या वखारीआड, ढेकूणवाल्याची गाडी उभी होती. तिच्या अंगावर ताडपत्री टाकून चारी कोपरे दोरीनं बांधले होते. ताडपत्रीखालून लाल रंगाची बोटभर कड दिसत होती. गादीवाली तिथं थांबली. मग पुढं गेली.

बाई मागच्या व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी लांब बाह्यांचा ब्लाउज घातला होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. इतक्या उन्हाळ्यात.

"वाळवी लागली आहे घराला," त्या म्हणाल्या. "सामान हलवायचं आहे. कपडे उकळायचे आहेत. नेहमीची बाई मी आज बोलावलेली नाही. तुला ह्याची माहिती आहे, म्हणून म्हटलं तू बरी."

"वाळवीला कपडे नाही उकळावे लागत बाई," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली.

बाईंनी तिच्याकडे बघितलं. ती इतक्या वेळा बाईंसमोर उभी राहिली होती, पण त्यांची नजर आधी खाली गेली असं कधी झालं नव्हतं. ते क्षणभरच झालं.

"काम करायचं आहे की नाही?"

ती आत गेली. मुलाच्या खोलीत पलंग होता, त्यावर तिनंच भरलेली पट्ट्यापट्ट्यांची गादी. चादर ओढली तर पट्ट्यांतला पांढरा रंग शिवणीकडे काळा पडला होता. पलंगाच्या मागे भिंतीच्या पोपड्यांत ते थरावर थर बसले होते, कातीसकट. ढेकूणवाला गुडघ्यावर बसून बॅटरी मारत होता.

"हे जुने आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्या घरातल्यापेक्षा खूप जुने."

"म्हणजे इथून तिकडे आले."

"हो."

"मग हे तुम्ही कुणाला तरी सांगा ना," ती म्हणाली. "मोठ्यानं नको. गिरणीवालीणबाईला एकदा सांगा. पीठ दळायला गेल्यासारखं जा आणि सांगा. तुमचं ऐकतील, तुमच्याकडे शिक्का आहे."

तो उठला. गुडघे झटकले.

"एका घरातलं मी दुसऱ्या घरात सांगत नाही," तो म्हणाला. "तसं केलं तर मला कोण बोलवेल? तुमच्या घरातलंही मी कुठं सांगितलं नाही."

"तुम्हाला सांगावं लागलं नाही," गादीवाली म्हणाली. "तुमची गाडी उभी होती."

त्यानं पंपाचा दट्ट्या दोन-तीनदा उगाच ओढला. "त्यांनी ताडपत्री पाठवली होती," तो म्हणाला. "मी काय करू?" आणि नळी घेऊन भिंतीकडे वळला.

तिनं काम केलं. बाईंच्या चादरी उकळल्या, मुलाचे शर्ट उकळले, पडदे उकळले. उन्हात पिंपापाशी उभं राहून तिच्या हातांची जुनी सालटी पुन्हा निघाली. तिन्हीसांजेला बाई व्हरांड्यात आल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी कठड्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून तिला घे म्हणून खूण केली. कपाचा कान तुटलेला होता.

"वसतिगृहाला उशांच्या खोळी लागणार आहेत. ऐंशी. नंतर दरवर्षी लागतील. तुझी नणंद चांगलं शिवते, माझ्या लक्षात आहे. इथं शाळेच्या कोठीत बसून शिवायच्या. घरी न्यायच्या नाहीत, ते मला चालणार नाही."

गादीवालीनं चहा प्यायला. गोड होता.

"आणि हे वाळवीचं," बाई म्हणाल्या, "गावात उगाच चर्चा नको."

"नाही बाई."

"काय सांगशील विचारलं तर?"

फळ्याजवळ उभं केलेल्या मुलीसारखे तिनं हात मागे बांधले. मग म्हणाली, "वाळवी होती."

दुसऱ्या दिवशी दोघी दळण घेऊन गिरणीवर गेल्या. खोळींचं काम मिळाल्याचं तिनं घरी सांगितलं होतं. मागच्या खोलीत काय बघितलं तेही सांगितलं होतं. वन्संनी बऱ्याच दिवसांनी वेणी नीट घातली होती आणि वाटेत त्या एकदोनदा हसल्याही होत्या. गिरणीपुढं आठ-दहा बाया डबे घेऊन बसल्या होत्या. गादीवालीनं आपला डबा रांगेत लावला तशी पुढच्या बाईनं आपला डबा पायानं थोडा पुढं ढकलला.

गिरणीवालीण दारातून म्हणाली, "काल बाईंच्या बंगल्यावर होतीस म्हणे. शिपायाची बायको सांगत होती, मागं कसलीशी गाडी पण होती."

सगळ्या बायांनी माना वळवल्या. गिरणीचा पट्टा तेवढा फडफडत होता. वन्सं सावरून बसल्या. त्यांचे डोळे चमकत होते. इतक्या दिवसांचं साठलेलं त्यांच्या ओठांवर येऊन ठेपलं होतं, आणि ते भावजयीनंच आधी बोलावं म्हणून त्या थांबल्या होत्या.

"वाळवी लागलीय त्यांच्या घराला," गादीवाली म्हणाली.

"वाटलंच मला," गिरणीवालीण म्हणाली. "लाकडाचं काम किती आहे त्या बंगल्यात. आणि बाईंची स्वच्छता म्हणजे काय विचारता. तिथं दुसरं काय असणार?"

"हो," गादीवाली म्हणाली. "दुसरं काय."

वन्संनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं.

"तुमचा डबा जरा बाजूला घ्या," गिरणीवालीण म्हणाली. "सगळ्यांचं झालं की शेवटी टाकते. तुमच्यानंतर जातं धुवावं लागतं ना, म्हणून."

गादीवाली उठली. डबा दोन्ही हातांनी उचलून तिनं भिंतीकडेला, उन्हात, एकटा ठेवला, आणि त्याच्याजवळ जाऊन बसली.